तयार माल

माणिकपूरच्या रिक्षा स्टँडमागे कॉन्रॅडचा गाळा होता, आणि तिथे स्वतःसाठी काही घ्यायला सहसा कोणी येत नसे. धंदा शवपेट्यांचा होता, बापापासून चालत आलेला. दारावर दुकानाचं नाव नव्हतं, नुसता क्रूस आणि मोबाइल नंबर होता. ज्याला गरज पडे त्याला तो सापडे, आणि ज्याला गरज नसे तो तिकडे बघायचं टाळून शेजारच्या दुकानात झेरॉक्स काढायला जाई.

नंदाखालात, म्हणजे त्याच्या गावात, कॉन्रॅडला मान होता, पण तो जरा अंतर राखून दिला जाई. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला तो बाकावर येऊन बसला की पुढच्या बाकावरची म्हातारी माणसं पाठ ताठ करून बसत. कॉन्रॅड नजरेनं माप घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घेतही असे. त्यात त्याचा काही दोष नव्हता. शिंप्याला खांदे दिसतात, न्हाव्याला डोकी दिसतात, तशी कॉन्रॅडला लांबी-रुंदी दिसायची. फादरांचं प्रवचन लांबलं की त्याच्या मनात दोन-तीन पेट्या जोडून, पॉलिश होऊन, अस्तर लागून तयार व्हायच्या.

दुकानाचा एक नेम होता. दफनाच्या दिवशी पैशाचं नाव काढायचं नाही. पेटी घरी जायची, माणूस मातीत जायचा, महिन्याची मिस्सा व्हायची, आणि मग घरातलं कोणीतरी पाकीट घेऊन गाळ्यावर यायचं. कोणी महिन्यानं येई, कोणी नाताळानंतर, कोणी कॅनडातला भाऊ आल्यावर. काही येतच नसत. आठवण करून द्यायची पद्धत नव्हती. 'तुमच्या आईच्या पेटीबद्दल बोलायचं होतं' असा फोन सुरू केला की पुढचं वाक्य कोणत्याही भाषेत नीट होत नाही.

तरीही घर चाललं होतं, कारण माळ्यावर लाकूड होतं. बापानं वसईतली जुनी घरं पडत तेव्हा तेव्हा सागवानाच्या तुळया आणि फळ्या स्वस्तात उचलून ठेवल्या होत्या. पैसा उशिरा आला तरी काम थांबत नसे. हात वर केला की फळी मिळे. ह्याला भांडवल म्हणतात हे कॉन्रॅडला कोणी सांगितलं नव्हतं. तो त्याला 'माळ्यावरचं लाकूड' म्हणायचा.

सांगायला स्टीवन आला.

स्टीवन त्याच्या बहिणीचा मुलगा. फायनान्स घेऊन एमबीए झालेला. अंधेरीतल्या कंपनीत होता. कंपनीनं खर्च कमी करायचा ठरवला तेव्हा खर्चात तो निघाला. दोन महिने घरी बसून कंटाळल्यावर तो एके दिवशी लॅपटॉप घेऊन मामाच्या गाळ्यावर आला, आणि भुश्यानं भरलेल्या स्टुलावर रुमाल अंथरून बसला.

"मामा, तुमचा धंदा मी स्टडी केला. शॉकिंग आहे."

"काय झालं?"

"तुमचं मार्केटिंग शून्य, तरी डिमांड शंभर टक्के. जगात दुसरा असा धंदा नाही. आणि तुम्ही अजून टेबलफॅन वापरताय."

"तो चांगला चालतो."

"मुद्दा तो नाहीये." स्टीवननं मामाच्या कानामागची सुतारी पेन्सिल काढली आणि प्लायच्या तुकड्यावर चौकोन काढले. "हे बघा. पहिलं स्थिर भांडवल. गाळा, करवत, रंध्याचं मशीन. हे जागच्या जागी राहतं आणि झिजतं. दुसरं खेळतं भांडवल. लाकूड येतं, पेटी होऊन जातं, पैसे होऊन परत येतं. तुमचं जातं. परत यायचं विसरतं."

"येतं रे. सावकाश येतं."

"तिसरं मालकाचं भांडवल. म्हणजे तुमचं स्वतःचं. ह्याला व्याज द्यावं लागत नाही. पण धंदा बुडाला तर रांगेत सगळ्यात शेवटचा नंबर तुमचा. चौथं कर्जाचं भांडवल. ते बँकेचं. ह्याला व्याज लागतं, आणि धंदा बुडाला तर पहिला नंबर त्यांचा."

कॉन्रॅडनं चौकोनांकडे सुताराच्या नजरेनं पाहिलं. एकही काटकोनात नव्हता.

"आणि गिऱ्हाइकाचा नंबर कितवा?"

"गिऱ्हाईक रांगेत कशाला येईल मामा? त्याला माल मिळालेला असतो."

हे कॉन्रॅडला पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

स्टीवननं आणखी एक चौकोन काढला आणि त्याला दोनदा गिरवलं. हे सगळ्यात स्वस्त भांडवल, तो म्हणाला. ह्याला ना व्याज, ना तारण. गिऱ्हाइकाकडून आधीच घेतलेले पैसे.

अशी 'निश्चिंत' योजना निघाली. दरमहा थोडा हप्ता, वर्षभर. मग केव्हाही गरज लागो, सागवानी पेटी घरपोच. मध्येच काही झालं तरी पेटी पूर्ण मिळणार, उरलेले हप्ते घरच्यांनी सवडीनं द्यायचे. पत्रकावर मावळत्या सूर्याचा फोटो होता आणि खाली 'अटी लागू'. अटी मात्र कोणी लिहिल्या नव्हत्या. वयाची अट घालावी असं स्टीवनच्या मनात होतं, पण कॉन्रॅडनं ती मोडून काढली. नव्वदीच्या माणसाला 'तुम्ही आता बसत नाही' असं तोंडावर सांगायचं कोणी? आणि ते फादरांच्या कानावर गेलं तर?

त्यामुळे योजनेला प्रतिसाद उत्तम मिळाला. विशेषतः ज्यांच्या घरी कोणी अंथरुणावर होतं, त्यांच्याकडून. लोक दवाखान्यातून निघाले की परस्पर गाळ्यावर येत आणि पहिला हप्ता भरून जात. काहींनी तर दुसरा भरायची वेळच येऊ दिली नाही. त्यांच्या उरलेल्या हप्त्यांची आठवण करायची नव्हती, कारण नेम होता.

"मामा, हे लॉसमेकिंग होतंय," स्टीवन म्हणाला. "आपल्याला स्केल पाहिजे."

स्केल म्हणजे वातानुकूलित शववाहिनी. पांढरी गाडी, आत शीतपेटी, बाहेर जांभळे पडदे. मुदत कर्ज बँक देणार होती. मालकानं स्वतःचा हिस्सा तेवढा घालायचा होता. मालकाकडे रोख नव्हती. माळ्यावरचं लाकूड होतं.

कॉन्रॅडची बायको सेलिन त्या रात्री जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाली, "गावात चर्च हाकेच्या अंतरावर. खांदा द्यायला माणसं भांडतात. त्या गाडीत घालून मयताला नेणार कुठं? राजोडीला, दर्या दाखवायला?"

"विरारच्या टॉवरमधली गिऱ्हाइकं आहेत, असं स्टीवन म्हणतो."

"आणि लाकूड गेल्यावर पेट्या कशाच्या करणार?"

"लाकूड पुन्हा घेता येईल. तो म्हणतो, भांडवल एका जागी पडून राहिलं की मरतं."

"आपल्या धंद्यात मेलेलंच चालतं," सेलिन म्हणाली आणि भात वाढला.

राजोडीलाच गेलं खरं, पण लाकूड. तिथल्या एका नव्या रिसॉर्टवाल्यानं सगळा माळा उचलला आणि बापाच्या तुळयांचा बार काउंटर करून घेतला. कॉन्रॅडनं एका पेटीपुरत्या फळ्या मागे ठेवल्या, त्या कॅथरिन टीचरसाठी.

कॅथरिन टीचर म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. लग्न केलं नव्हतं, भाऊ वारलेला, भाचा कॅनडात. निम्म्या गावाला तिनं चौथीत शिकवलं होतं, कॉन्रॅडलाही. बाई इतकी ठेंगणी की चौथीतली उंच मुलं तिच्या कानापर्यंत यायची. पण ती वर बघून बोलते आहे असं आयुष्यात कोणाला वाटलं नाही. 'निश्चिंत'चे सगळे हप्ते वेळेवर भरणारी ती एकटी. दर एक तारखेला रिक्षानं माणिकपूरला येई, पैसे मोजून देई, पावती वाचून घेई.

"टीचर, एवढं यायची गरज नाही. स्टीवन येईल ना घरी."

"मी कधी कोणाच्या घरी गृहपाठ आणायला गेले होते का?"

शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी ती खुर्चीवरून उठलीच नाही. "आता दाखव."

"काय?"

"माझी पेटी. मेल्यावर बघणारे पुष्कळ असतात. मला डोळे आहेत तोवर बघायचीय."

पेटी झाली नव्हती. कॉन्रॅडनं ती त्या आठवड्यात केली, एवढ्या वर्षांत कुठली केली नसेल अशी. छोटी, हलकी, अचूक. लहान मुलांच्या पेटीपेक्षा जराशीच मोठी. बाई पुन्हा आली. बोटाच्या पेरानं लाकूड वाजवून पाहिलं, अस्तराच्या कापडाला हात लावला, उशी जरा जास्तच फुगवली आहे असं म्हणाली.

"घरी पाठवून देऊ?"

"नको रे. कामवाली पळून जाईल, आणि ह्या वयात कामवाली मिळणं पेटीपेक्षा कठीण. इथंच ठेव. सांभाळशील ना?"

"टीचर, माझ्यावर सोडा."

बाईनं सोडलं.

इकडे शववाहिनी महिन्यातून चार-पाचदा बाहेर निघायची. एरवी गाळ्यासमोर उभी असायची आणि रिक्षावाले तिच्या सावलीत जेवायचे. ती निघाली की ड्रायव्हरला त्याच दिवशी पैसे लागत, डिझेलला त्याच दिवशी, शीतपेटी भाड्यानं घेणाऱ्याला मात्र महिन्याच्या मिस्सेपर्यंत सवड असे. दफनाच्या दिवशी पैशाचं नाव काढायचं नाही हा बापाचा नेम बापाच्या काळात फक्त लाकडाला लागू होता, आणि लाकूड काही रोज संध्याकाळी हात पुढे करत नाही.

तेव्हा स्टीवननं बँकेतून खेळत्या भांडवलासाठी वेगळं कर्ज काढलं. हे तयार मालाच्या तारणावर मिळतं. दर महिन्याला गाळ्यात किती माल आहे त्याचा तक्ता बँकेला द्यायचा, त्या हिशेबानं पैसे उचलायचे. पहिल्या तक्त्यावर स्टीवननं लिहिलं: तयार माल, शवपेट्या, सागवानी, त्रेचाळीस.

"त्रेचाळीस कुठं आहेत?" कॉन्रॅडनं विचारलं.

"योजनेचे जिवंत मेंबर त्रेचाळीस. त्यांच्या पेट्या तुम्ही करणारच आहात ना?"

"करणार तर."

"माप घेतलंय?"

कॉन्रॅडनं एकेकाला डोळ्यांसमोर आणलं. थॉमसचे रुंद खांदे. फेलिशियाचं वाकलेलं कंबरडं, ज्यासाठी पेटी अर्धा बोट खोल करावी लागणार होती. एकेकाच्या बिजागऱ्या कुठे येणार, तेसुद्धा त्याला दिसत होतं. "सगळ्यांचं आहे," तो म्हणाला.

"मग झालं."

आणि कॉन्रॅडलाही ते झाल्यासारखंच वाटलं. माप घेतलं म्हणजे पेटी झाली. मागे उरतं ते नुसतं काम. शपथेवर विचारलं असतं तरी त्यानं खोटं बोललो असं म्हटलं नसतं. त्यानं सही केली. पुढच्या महिन्यात पुन्हा केली. एका पेटीची किंमत अडतीस हजार लिहिली होती. ती त्याला जास्त वाटली, पण बँकेला कमी दाखवून कोणाचं भलं होणार, असं स्टीवन म्हणाला.

हप्ते थकले. नोटिसा आल्या, स्टीवननं त्या फाइलला लावल्या. मग एके सकाळी बँकेची माणसं आली. शववाहिनी टो करून नेली तेव्हा रिक्षावाल्यांना डबे घेऊन दुसरी सावली शोधावी लागली. पुढे होती ती तेजस्वी नावाची अधिकारी, तिशीतली, खांद्याला बॅग, हातात तो तक्ता. तिनं गाळ्यात सगळीकडे पाहिलं. माळ्यावर टॉर्च मारला. माळ्यावर उंदीर होता.

"सर, इथे एकच पेटी आहे."

"हो."

"स्टेटमेंटमध्ये त्रेचाळीस आहेत. बाकीच्या बेचाळीस कुठे आहेत?"

कॉन्रॅड प्रामाणिक माणूस होता. "अजून हिंडत-फिरत आहेत," तो म्हणाला.

तेजस्वीबरोबर आलेला हवालदार खोकला. तेजस्वीनं पेन खाली केलं. "सर, हे खूप सिरियस आहे. तुम्हाला कळतंय ना?"

"मॅडम, ही पेटी धरू नका. ही माझी नाही. आमच्या टीचरची आहे. पूर्ण पैसे भरलेत त्यांनी."

"पावती आहे?"

"आहे."

"आणि माल ताब्यात दिल्याची सही?"

"ताब्यात कसा देणार? त्या जिवंत आहेत."

"मग माल तुमच्या ताब्यात आहे, सर. आणि तुम्ही सही करून तो आम्हाला तारण दिलाय. स्टेटमेंटमधली जी एक वस्तू खरी निघाली, तीच मी सोडून देऊ?"

स्टीवन असता तर त्यानं काहीतरी काढलं असतं, पण तो पुण्याला मुलाखतीला गेला होता. तिथून त्याचा फोन आला. "मामा, ह्यातून लर्निंग घ्या," तो म्हणाला, आणि नोकरी लागल्यामुळे तिकडेच राहिला.

शटर खाली ओढलं गेलं, कुलूप लागलं, त्यावर कागद आणि लाख. आत एक टेबलफॅन, एक उंदीर, आणि कॅथरिन टीचरची पेटी.

आता एकच गोष्ट होती. कुलूप निघेपर्यंत टीचरनं जगायला हवं होतं. बँकेला अर्ज केला होता, वकिलानं 'बघू' म्हटलं होतं, आणि बघायला वेळ लागतो. दुसऱ्यांच्या जाण्यावर ज्याचं घर चाललं, तो कॉन्रॅड आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या आयुष्यासाठी गुडघे टेकून बसला. सेलिन रोज दुपारी टीचरकडे सूप घेऊन जाऊ लागली. कॉन्रॅड स्वतः जाऊन तिच्या न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी घासून आला, पायरीला कठडा बसवून आला.

"सेलिन, तुझ्या नवऱ्याला झालंय काय?" टीचरनं विचारलं. "माझी एवढी काळजी माझ्या सख्ख्या भावानं केली नाही."

"म्हातारपण येतंय त्याला," सेलिन म्हणाली.

एकदा टीचरनं त्यालाच धरलं. "पेटीला पॉलिशचा आणखी एक हात दिलास का? दमट हवेत सागालाही बुरशी येते."

"दिला, टीचर."

तिनं त्याच्याकडे बघितलं. चौथीत बघायची तसंच, फक्त आता खालून. मग म्हणाली, "बरं." एवढंच. तिला कळलं की नाही हे कॉन्रॅडला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. खरं सांगायचं ठरवून तो दोनदा तिच्या फाटकापर्यंत गेला, आणि दोन्ही वेळा झाडाचे नारळ मोजून परत आला.

सूप, कठडा आणि प्रार्थना, तिन्ही मिळून टीचरला सव्वा महिना पुरले. एका बुधवारी पहाटे ती झोपेतच गेली. चर्चची मयताची घंटा वाजली तेव्हा कॉन्रॅड दात घासत होता. किती ठोके पडले ते न मोजता त्याला समजलं.

कॅनडातल्या भाच्याचा फोन आला: मला पोहोचता येणार नाही, थांबवू नका. फादरांनी त्याच दिवशी दुपारी चारची वेळ ठरवली. बँक दहाला उघडली तेव्हा कॉन्रॅड दारात होता.

तेजस्वीनं ऐकून घेतलं. तिनं त्याला पाणी दिलं, हे सांगितलं पाहिजे. मग ठाण्याला विभागीय ऑफिसला फोन लावला, धरून ठेवला, पुन्हा लावला.

"सर, सोडता येईल. पेटीची किंमत भरावी लागेल. अडतीस हजार."

"ती तेवढ्याची नाही हो. चौदाची आहे."

"तुम्हीच लिहिलेत अडतीस."

"भरतो. कुठून तरी आणतो. आज मिळेल?"

"ऑर्डरवर सही करणारे सर ट्रेनिंगला आहेत. दोन-तीन वर्किंग डेज लागतील."

"टीचर दोन-तीन वर्किंग डेज थांबू शकत नाहीत मॅडम."

"तोवर शीतपेटीत ठेवता येईल ना?"

"शीतपेटी गाडीत होती. गाडी तुमच्या यार्डात आहे."

काचेपलीकडे एक म्हातारा पासबुक भरून घेत होता आणि मशीन किरकिरत होतं. "आय ॲम सॉरी, सर," ती म्हणाली. आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, पण ते कुठे मांडायची सोय तिच्या संगणकात नव्हती.

कॉन्रॅड गाळ्यावर आला. पिशवीत पटाशी आणि हातोडी होती. कुलूप काही विशेष नव्हतं. दोन घावांत गेलं असतं. तो शटरसमोर उभा राहिला. पेटी खांद्यावर मारून गावात नेता येईल. टीचरला तिच्यात ठेवता येईल. मग चारच्या सुमारास, फादर पवित्र पाणी शिंपडत असताना, हवालदार चर्चच्या दारात येईल, आणि जिनं कधी वहीत खाडाखोड चालू दिली नाही त्या बाईचा पेटीसकट पंचनामा होईल. सगळे मेंबर तिथेच असतील. तो खाली वाकला आणि शटरच्या फटीतून आत पाहिलं. अंधारात पॉलिशची एक रेघ चमकत होती. बुरशी आलेली नव्हती.

"कॉन्रॅडशेठ, काय शोधताय?" स्टँडवरून कोणीतरी ओरडलं.

"काही नाही. विरारला सोड."

विरारला जेन्सनचं दुकान होतं. काचेचं दार, आत एसी, भिंतीला एकावर एक पेट्या, बटाट्याच्या वखारीसारख्या. प्रेस केलेल्या भुश्याचे तयार तुकडे ट्रकनं यायचे, इथे नुसते जोडायचे. वर लाकडाच्या चित्राचा कागद, सोनेरी प्लास्टिकच्या कड्या. जेन्सन पन्नाशीचा, कॉन्रॅडच्याच वर्गातला.

"ये ये, निश्चिंत! इकडे कुठं वाट चुकलास?"

"टीचर गेल्या."

जेन्सनचं हसू उतरलं. त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली. तोही टीचरच्याच हाताखालून गेलेला. "केव्हा?"

"पहाटे. चारला दफन आहे. एक पेटी दे. पैसे महिन्याच्या मिस्सेनंतर देतो."

"हे बघ कॉन्रॅड. टीचरसाठी मला वाईट वाटतं. पण माझ्याकडे मिस्सा नसते, हे मशीन असतं." त्यानं कार्ड घासायचं मशीन पुढे सरकवलं. "उधारीवर मी माझ्या सासऱ्यालासुद्धा दिली नाही. विचार बायकोला."

"माझ्याकडे आत्ता नाहीत."

"माहिताय. सगळ्या वसईला माहिताय." जेन्सननं थोडा विचार केला, किंवा आधीच करून ठेवलेला बाहेर काढला. "माझ्याकडे कामाला ये. सोमवारपासून. ही पेटी पगारातून कापतो."

"बरं."

"आणि तुझे ते मेंबर. त्यांना माझ्याकडे पाठव."

"त्यांनी हप्ते भरलेत, जेन्सन. काहींनी दहा-दहा."

"तुला भरलेत. माझ्याकडे कुठं आलेत?"

"त्यांना पुन्हा मागायचे?"

"मग नको मागूस. त्यांच्या पेट्यापण तुझ्या पगारातून. तू जितका जगशील तितका मला फायदा. नाही तरी तुझ्याकडे आता दुसरं भांडवल काय राहिलंय? हे दोन हातच ना?"

कॉन्रॅडनं मनात बेचाळीस माणसांना पगारानं भागलं. उत्तर त्याच्या स्वतःच्या वयापुढे निघून गेलं. "छोटी दे," तो म्हणाला. "टीचरच्या मापाची."

"एकच साइज येते. सहा फूट तीन. मोठ्यात लहान मावतं, लहानात मोठं मावत नाही."

"लांबी कापून देतो मी. करवत आहे?"

"कापलं की भुसा सुटतो. पकडच राहत नाही त्याला. आणि करवत कुठंय इथं? ही घे." जेन्सननं त्याच्या हातात स्टेपल गन दिली. "तूच जोड. तेवढाच हात बसेल."

कॉन्रॅडनं जोडली. रंधा नाही, सरस नाही, सुकायची वाट नाही. ठक, ठक, ठक. चहा निवायच्या आत पेटी उभी राहिली. तो सवयीनं कडेवरून अंगठा फिरवत राहिला, खरखर शोधत. खरखर नव्हती, कागद होता.

टेम्पोनं तो गावात पोहोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. थॉमस होता, फेलिशिया होती, जवळजवळ सगळे मेंबर होते. टेम्पोतून पेटी उतरली. फेलिशियानं सोनेरी कडीला बोट लावलं, कडी लवली, तिनं बोट काढून घेतलं आणि माळ जपायला लागली.

आत सेलिन आणि बायकांनी टीचरला पांढऱ्या पोशाखात ठेवलं. पायाशी हातभर जागा उरली. सेलिननं कॉन्रॅडकडे पाहिलं, मग कपाटातली टीचरची साडी काढली, दुसरी काढली, घडी करून पायाशी दाबली. तिसरी उरली नव्हती; बाई बेतानं राहायची. वर एक टॉवेल. झाकण लागलं.

चर्च जवळ. खांद्याला माणसं कमी नव्हती. पुढे थॉमस आणि दुसरा एक, मागे कॉन्रॅड आणि शेजारचा. सपाट वाटेवर सगळं ठीक होतं. चर्चच्या पायऱ्या आल्या, थॉमस पहिली चढला, पेटी पुढून उचलली गेली, आणि आत काहीतरी सरकलं. फार नाही. घडीच्या साड्या दबल्याचा आवाज, आणि त्यामागून पायाकडच्या फळीवर एक छोटा, बोथट ठोका. कॉन्रॅडच्या कानाजवळ.

"नीट धर रे मागून," थॉमस मान न वळवता म्हणाला.

कॉन्रॅडनं खांदा वर घेतला. तेवढ्यानं भागेना, तेव्हा पेटीखाली दोन्ही तळवे लावले आणि ती डोक्याच्या वर उचलली, पुढच्या बाजूशी पातळी जुळेपर्यंत. शेजारच्याला कळेना हा करतोय काय. पायऱ्या अजून होत्या. पेटी आडवी, पाण्यानं भरलेल्या परातीसारखी धरून, चवड्यांवर उभा राहून, तो एकेक चढत गेला.